डावी बाही भाच्याची

अन्याय झाला तो चिक्कम्मावर. दसरा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, विठ्ठल मंदिरामागच्या आमच्या शिंपी समाजाच्या शिवणवर्गाच्या खोलीत. बन्नीमंटपाच्या मैदानावरच्या मशालींचा वास अजून आमच्या शालींना येत होता, सगळं म्हैसूर जांभया देत होतं, आणि नेमकं तेवढ्यात हे उरकून घेण्यात आलं.

चिक्कम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटी मावशी. ती माझी कुणी नाही. सरगूरहून लग्न होऊन आमच्या गल्लीत समोरच्या घरात आली, आणि गल्लीतली सगळी पोरं म्हणतात म्हणून मीही तिला चिक्कम्मा म्हणते. शिवणवर्गाच्या जुन्या बाई गुडघ्यांनी थकल्या तेव्हापासून वर्ग तीच चालवत होती, फुकट. बाई शेवटी हुबळीला लेकीकडे गेल्या, तेव्हा भजनाच्या मधोमध टाळ थांबवून सगळ्यांना सांगून गेल्या, "माझ्या जागी ही." पगाराची ती एकच जागा. आणि ती मिळाली नाही तर पुढच्या महिन्यापासून चिक्कम्मानं नंजनगूडची गाडी धरायची, असं तिच्या घरी ठरलं होतं. तिकडे कपड्यांच्या एका कारखान्यात काम होतं. पहाटे निघायचं, दिवसभर कॉलरी शिवायच्या, फक्त कॉलरी, आणि दिवेलागणीनंतर परतायचं. बाहीचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

मुलाखत अकराला, असं तिला कळवलं होतं. ती पावणेअकराला गेली. खोलीत अण्णा होते. अण्णा म्हणजे समाजाचे अध्यक्ष, सगळ्या गल्ल्यांचे अण्णा, मोठ्या रस्त्यावर सूटच्या कापडाचं दुकान. शेजारी त्यांच्या बहिणीचा मुलगा गळ्यात हार घालून बसला होता.

दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. आई घेवड्याच्या शेंगा निवडत होती.

"काय विचारलं गं?" आई म्हणाली.

"केसरीबात घेणार काय, असं विचारलं."

"मग?"

"घेतला. तूप बरं होतं."

"आणि मुलाखत?"

"हीच की."

केसरीबात म्हणजे आमच्याकडचा केशरी शिरा. मुलाखतीला गेलेल्या बाईला दुसऱ्याच्या नोकरीचा शिरा खायला घातला, आणि या दोघी हसत बसल्या होत्या. आई तर शेंगांचं ताट बाजूला ठेवून हसली. मला हसू आलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृहाचं पाणी, बसचे पास, असल्या भांडणांत पत्रकं लिहून माझा हात तयार झाला होता. कॉलेजातल्या आमच्या गटाचा नियम साधा: पहिल्या ओळीत कुणावर आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नाही. त्या संध्याकाळी मी बसले आणि लिहून काढलं.

पत्रक मराठीत, लिपी कन्नड. यात नवल वाटून घेऊ नका. आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं मराठी आणि वाचणं कन्नड. देवनागरी मला शाळेतल्या हिंदीनं दिली, इतरांना तीही नाही. मागणी अशी: 'अध्यक्षांच्या नात्यातल्या कुणालाही या जागेवर नेमू नये.' खाली दोन रेघा.

आईला वाचून दाखवलं.

"नात्यातल्या कुणालाही?" आई म्हणाली. "आपल्या लोकांत?"

"हो. कुणालाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. त्या 'बरं'कडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

एकादशीच्या भजनाला सगळे आत असताना मी मंदिराबाहेर प्रत्येक जोडीच्या उजव्या चपलेत एकेक पत्रक घडी घालून ठेवलं. हातात दिलेला कागद माणूस खिशात घालतो. चपलेतला कागद काढल्याशिवाय घरी जाता येत नाही. अण्णांच्या चपलांत दोन्हीकडे ठेवलं.

अण्णांनी एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय पायरीवर ठेवून, पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मी खांबाजवळ उभी होते. ते रागावतील, ओरडतील, म्हणजे दुसऱ्या पत्रकाची सोय होईल, अशी माझी तयारी होती.

"अक्षर बरं आहे गं तुझं," ते म्हणाले. "रविवारी सभा घेतो. ये. चपला जपून ठेव."

रविवारी हॉल भरला. लग्नाला येत नाहीत तेवढे लोक आले, कारण लग्नात काय होणार ते ठाऊक असतं. चटया अंथरलेल्या, पितळी पेल्यांतून कॉफी फिरत होती. भाचा भिंतीला टेकून बसला होता. सडपातळ, लांब बोटं, आणि समोर बसलेल्याच्या शर्टाची शिवण बघत राहायची सवय. पुरुषांचे शर्ट तो इतक्या सफाईनं शिवायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही, हे मीही मान्य करते. जागा त्याला का हवी होती? मुली बघायचं चाललं होतं, आणि 'संस्थेत नोकरीला आहे' हे मुलीकडच्यांना सांगायला बरं पडतं. बस, एवढंच. नंजनगूडच्या गाडीत एक बाई चढणार, कारण एका घरात पोहे खाताना सांगायला एक वाक्य हवं. पत्रकात हे लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

अण्णा उभे राहिले. पत्रक उंच धरलं.

"मागणी मला मान्य," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. पहिल्याच वाक्याला मागणी मान्य झाल्यावर पुढे काय करायचं, हे गटात कुणी शिकवलं नव्हतं.

"भाचा बाद," अण्णा म्हणाले. "आता बाकीच्या अर्जांत माझ्या नात्यात कोण नाही ते बघूया."

बाकीचे अर्ज तीन, चिक्कम्मा धरून. पहिल्या बाईचं लग्न अण्णांच्या मेहुण्याच्या घरात झालेलं. ती बाद. दुसरी म्हणाली माझं काहीच नातं नाही, तर तिची सासूच मागून उठली, "अय्यो, नाही कसं? अण्णांची बायको माझ्या मामाची नात की." तीही बाद. मग लोकांना नाद लागला. ज्यांचा अर्जही नव्हता ते उठून आपापलं नातं सांगू लागले. मामाच्या मुलीशी लग्न करायची आमच्यात चाल, त्यामुळे एकच माणूस एका बाजूनं काका आणि दुसऱ्या बाजूनं मेहुणा. दोन दुकानदार बरीच वर्षं एकमेकांना 'अहो' म्हणत होते, ते साडूचे साडू निघाले आणि पाठीवर थापा मारू लागले. अण्णांच्या नात्यात नाही असा हॉलमध्ये फक्त कॉफीवाला उरला, आणि त्यालाही कुणीतरी विचारलं, तुझं गाव कुठलं रे?

"चिक्कम्मा नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "ती सरगूरची आहे. तिचं इथं कुणाशी काही नातं नाही. म्हणूनच तिच्यावर अन्याय झाला."

अज्जीनं मान वर केली. अज्जी हॉलमधली सगळ्यांत म्हातारी. ऐकू कमी येतं, पण गावाचं नाव तिला बरोबर ऐकू जातं.

"सरगूरची? कुणाच्यातली गं?"

"विहिरीच्या घरातली, अज्जी," चिक्कम्मा म्हणाली.

"म्हणजे त्या दह्याच्या लग्नातले की तुम्ही."

सगळे अज्जीकडे सरकले. मग अज्जीनं सांगितलं. फार पूर्वी एका लग्नात सरगूरच्या पंगतीपर्यंत पोचायच्या आधी दही संपलं. सरगूरचे लोक पानावरून उठले ते पुन्हा कधी त्या घरात जेवले नाहीत. आणि ते दही जिनं वाढायला हवं होतं ती अण्णांची आई. पानावरून पहिली उठली ती तिची सख्खी धाकटी बहीण, चिक्कम्माच्या आईची आई.

अण्णा चिक्कम्माकडे वळले.

"तुझी आजी पान खाताना डोळे मिटायची काय?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि मध्ये कुणी बोललं तर बोट वर करायची."

"माझी आईपण," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पत्रकाकडे बघितलं आणि त्यांच्या मिशीचं टोक हललं. "म्हणजे तुझी आई माझी मावसबहीण. तू माझी भाची. पत्रकाप्रमाणे बाद."

हॉल असा हसला की पेले कलंडले. आई तोंडात पदर कोंबून हसत होती. माझ्याच दोन रेघांनी मी ज्या बाईसाठी भांडत होते तिलाच दाराबाहेर काढलं होतं, आणि सगळ्या म्हैसूरनं ते कॉफी पीत बघितलं होतं.

चिक्कम्मा उठली. सभेत ती कधी बोललेली मी बघितली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "परवापर्यंत मी तुमची कुणी नव्हते, तेव्हा जागा मिळाली नाही. आज भाची झाले, म्हणून मिळत नाही. मग मिळायची कधी, तो दिवस तरी सांगा. त्या दिवशी येते."

अण्णा बसले. हसू तोंडावरच राहिलं होतं, पण बसले.

"मला नातं नको, केसरीबात नको," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर काम बघा आणि सांगा."

"शिवून दाखवायचं म्हणतेस?" भाच्यानं विचारलं. त्याचे डोळे चमकले. शिवायचं म्हटल्यावर त्याला भीती नव्हती.

"शिवणं काय बघायचं?" अज्जी म्हणाली. "शिवायला इथं कुणाला येत नाही? शिकवणं बघा."

"शिकणारं कुठून आणायचं मग?" अण्णा म्हणाले. "आपल्यात कुणाला येत नाही?"

आई शांतपणे म्हणाली, "आहे की एक. पत्रक लिहिते."

सगळ्या हॉलनं माझ्याकडे बघितलं. शिंप्याच्या घरात जन्मलेली, आणि ब्लाउजचा हूक तुटला तर पिन लावणारी.

अण्णांनी एकच हरकत घेतली. "ती हिच्या बाजूची. निकाल हिच्याच बाजूनं देणार."

"निकाल ती कशाला देईल? बाही देईल," अज्जी म्हणाली, आणि ठरलं. पुढच्या रविवारी बिनबाह्यांची तयार चोळी माझ्यासमोर ठेवायची. डावी बाही लावायला भाच्यानं शिकवायचं, उजवी चिक्कम्मानं.

त्या आठवड्यात चिक्कम्मानं नंजनगूडच्या गाडीची वेळ विचारून ठेवली. मला ते आईकडून कळलं.

रविवारी हॉलच्या मध्यावर पायांनी चालवायचं मशीन ठेवलं होतं आणि भोवती गोल करून लोक. दसऱ्याच्या कुस्त्यांनाच एवढं मोठं कडं बघितलं होतं मी. आधी भाचा. तो खरंच मनापासून शिकवायला बसला, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. बाहीचा पुढचा भाग जास्त खोल कापतात, तो मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथं जोडतात त्या गोलाच्या, पुढच्या बाजूला यायचा, हे त्यानं छान सांगितलं. मी कापड धरलं. मी चुकीचं धरलं.

"असं नाही अक्का. असं." त्यानं हातातून घेतलं, दोन टाचण्या लावल्या, परत दिलं. मी पायडल मारलं. कापड वाकडं सरकलं. "थांब थांब. सुम्ने पायडल मार तू, कापड मी धरतो." 'सुम्ने' म्हणजे आमच्याकडे उगीच, नुसतं. मी नुसतं पायडल मारलं. त्याची बोटं सुईखालून बाही अशी नेत होती जशी आई झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेते. मी बघत राहिले, आणि मला काहीही कळलं नाही.

मग कॉफी. मग चिक्कम्मा.

तिनं स्टूल माझ्या शेजारी ओढलं, बसली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. हातांवर बसली. वर्गातही ती अशीच बसायची, हे मला तिच्या विद्यार्थिनींनी नंतर सांगितलं.

"लाव," ती म्हणाली.

"कशी?"

"तुझाच खांदा आहे. त्याला विचार."

मी लावली. शिवली. तिनं चोळी ब्लाउजवरूनच अंगात घालायला लावली. "आता वरच्या फळीवरचा डबा काढ." मी हात वर केला आणि तो अर्ध्यात अडकला. बाही उलटी लागली होती. कडं हसलं.

"आधी का नाही सांगितलंस?" मी भडकले.

"सांगितलं असतं तर हात अडकला असता काय?"

उसवली. पुन्हा टाचण्या लावल्या. या वेळी पुढची बाजू पुढे आली, पण वर झोळ पडला. तिचे खांदे हलत होते, हात बाहेर यायला धडपडत होते, ती त्यांच्यावर घट्ट बसून होती. "झोळ कुठून येतो?" "वरून." "मग सुरुवात कुठून करायला हवी?" मी विचार केला. मधून. खांद्याच्या टोकावरून आधी पुढे, मग मागे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी शोधलं होतं, असं मला वाटलं, आणि इतका आनंद मला एकाही यशस्वी मोर्च्यानंतर झाला नव्हता.

शिवून झालं. चोळी घालून मी कड्याच्या मध्ये उभी राहिले. डावी बाही दुकानाच्या काचेतली. उजवी लागली होती नीट, हात वर जात होता, पण शिलाई माझ्या अक्षराइतकी सरळ नव्हती आणि एका जागी पुरीसारखी फुगली होती.

अण्णांनी चष्मा लावला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"आयतु," ते म्हणाले. झालं. "डोळ्यांना दिसतंय की."

दिसत होतंच. मला बोलायचं होतं, पण पुरावा माझ्याच खांद्यावर बसला होता. चिक्कम्मानं मांड्यांखालून हात काढले आणि बोटं चोळली. ती गाडीच्या वेळेचाच विचार करते आहे, असं मला वाटलं.

तेवढ्यात अज्जी काठी टेकत जवळ आली. डाव्या बाहीवरून अंगठा फिरवला.

"पोरीचा हात बरा आहे की," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी असली बाही. उगीच नावं ठेवत होता तिला."

"तिचा हात?" भाचा ताडकन उठला. "अज्जी, ती माझी बाही आहे. तो मुंढा बघा, म्हैसूरमध्ये असा मुंढा दुसरं कोण बसवतं सांगा. तिनं नुसतं पायडल मारलं."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. भाच्याला आपण काय बोललो ते सगळ्यांच्या नंतर कळलं. आधी तो लाल झाला. मग डोक्यावर हात मारून खाली बसला आणि स्वतःच हसायला लागला. आमच्या माणसाची नोकरी काढून घ्या, गप्प बसेल. त्याची बाही दुसऱ्याच्या नावावर लावा, नाही बसणार. अज्जी ते मुद्दाम बोलली की काय, मी अजून विचारलेलं नाही.

"मग दोन्ही बाह्या उसवा," अज्जी म्हणाली. "पोरीलाच लावू दे पुन्हा, ज्यानं जी जशी शिकवली तशीच. कुणी हात लावायचा नाही."

मी उसवल्या. डावी हातात घेतली. पुढचं मागचं आठवत होतं, कारण भाच्यानं ते छान सांगितलं होतं. पण सुईखाली गेल्यावर माझ्या बोटांना काहीच आठवेना. आठवायला त्या बाहीत माझी बोटं होतीच कुठे? वाकडी, चुणलेली, अर्धी. मग उजवी घेतली. खांद्याच्या टोकावरून पुढे. मग मागे. पुरी या वेळी लहान फुगली.

मी हात वर केला. मागून कुणीतरी ओरडलं, "फळीवरचा डबा काढ," आणि टाळ्या पडल्या. भाच्याच्या टाळ्या सगळ्यांत शेवटपर्यंत चालल्या. तो उठून जवळ आला, दोन्ही बाह्या बघितल्या. "उजवी चालेल," म्हणाला. मग न राहवून खिशातून खडू काढला, "फक्त इथं जरा," आणि चिक्कम्मानं त्याच्या हातावर चापट मारली. "हातांवर बस."

अण्णांनी जागा तिथेच जाहीर केली. वर म्हणाले, "पत्रकवाली, लिहून घे. शेवटी माझी भाचीच लागली."

"लिहिते," मी म्हणाले. "पण दार उघडं ठेवून लागली, हेही लिहिते."

पुढच्या महिन्यात अण्णांनी सरगूरच्या विहिरीच्या घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. पानात मीठ यायच्या आधी दही आलं, आणि अण्णांनी ते स्वतः वाढलं, पंगतभर, पुन्हा पुन्हा, लोक 'साकु, साकु', पुरे पुरे, म्हणून पानावर हात आडवे धरेपर्यंत. भाच्याचं लग्नही ठरलं. मुलीकडच्यांना त्यानं शर्टांचं दुकान आहे असं सांगितलं, जे खरं होतं, आणि नवरीच्या चोळ्या चिक्कम्माच्या वर्गानं शिवल्या. एकीची बाही माझी आहे. कुठली ते सांगत नाही.

चिक्कम्मा आता नंजनगूडला देवदर्शनाला तेवढी जाते. खिडकीशी बसते आणि कॉलर घातलेला माणूस दिसला की हसते.

माझी चीड गेली असं समजू नका. मागणी तेवढी बदलली. नात्यातला माणूस नको, असं मी आता लिहीत नाही. आमच्या गावात मग कुणीच उरत नाही, आणि तुमच्या गावातही फारसं उरणार नाही. नातं असणं हा गुन्हा नाही. दार लावून शिरा वाटणं हा आहे, आणि तो शिरा खाऊन हसत घरी येणारेही त्यात थोडे भागीदार आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्याला, थेट. तुमच्या समाजाच्या, देवळाच्या, शाळेच्या, पतपेढीच्या पुढच्या नेमणुकीच्या सभेला जा. मागच्या चटईवर बसून कॉफी पिऊन परत येऊ नका. गुळगुळीत काम समोर ठेवून कुणी 'दिसतंय की' म्हणालं, तर त्याच वेळी उठा, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला, आणि बाही उसवायला लावा.